शौकतभाईंची बारा कामं

शौकतभाईंसमोर स्कूटरला थेट किक मारलेली चालत नाही. आधी ते गाडीपासून दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून उभे राहतात. मग एकेका कामाचं नाव मोठ्याने पुकारतात. आपण ते काम करायचं, काय केलं ते तितक्याच मोठ्याने सांगायचं आणि शेवटी "ठीक" म्हणायचं.

"गिअर?"

"न्यूट्रल, ठीक."

"कॉक?"

"उघडा, ठीक."

"चोक?"

"ओढला, ठीक."

कॉक म्हणजे पेट्रोलची तोटी. नुसतं "हो" चालत नाही. मान हलवली तर विचारतात, "कॉक उघडला, का मान दुखतीय?" अशी बारा कामं आहेत. त्यात गाडी उजवीकडे तिरकी करून मनात वीस आकडे मोजणं आहे, चावी बंद ठेवून तीन कोरड्या किका मारणं आहे, आणि हॉर्न वाजवून बघणंही आहे. हॉर्नचा चालू होण्याशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "संबंध नाय. पण बघितला पायजे." एखादं उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्या कामापासून सुरुवात. आणि हा सगळा प्रकार शिळफाट्याला, भर बाजारात, माझ्या दुकानाच्या दारात सकाळी दहा वाजता चालतो. समोरचा वडेवाला झारा हातात धरून बघत राहतो. रिक्षा स्टँडवरच्या लोकांना तर उत्तरं पाठ झाली आहेत. मी "उघडा" म्हणायच्या आत ते तिकडून "ठीक" म्हणून ओरडतात.

ह्या माणसाने माझं नुकसान केलं आहे. ते कसं केलं हे मला आजही धड सांगता येत नाही, आणि माझा राग आहे तो त्याचाच.

मी खोपोलीत आलो तेव्हा लाकडाच्या वखारीत फळ्या उचलत होतो. आता माझं स्वतःचं आवार आहे. जुनी घरं पाडली जातात तिथली दारं, खिडक्या, खांब मी उचलून आणतो आणि कर्जतकडच्या फार्महाऊसवाल्यांना विकतो. भाव करण्यात मला ह्या पट्ट्यात कोणी हरवलेलं नाही. सागवानी दार घेताना मी ते जळाऊ लाकूड असल्यासारखं बघतो. तेच विकताना त्याच्याकडे बघतही नाही, गिऱ्हाईकालाच बघू देतो. माणसं चिडतात, निघून जातात, परत येतात. मी पण चिडतो. माझा आवाज शिळफाट्याच्या पुलाखालून ऐकू येतो असं बायको म्हणते. पण व्यवहार म्हणजे हेच. दोघांनी घाम गाळून एका आकड्यावर यायचं आणि मग चहा प्यायचा.

शौकतभाईंनी माझ्याशी भाव केलाच नाही.

झालं असं की कर्जतच्या पुढे बंगला असलेल्या एका मॅडम माझ्याकडून दारं न्यायच्या. त्यातल्या एका दाराचं त्यांनी जेवायचं टेबल केलं, कडीकोयंड्यासकट. मला काय, विकलेलं दार त्यांनी आडवं ठेवावं नाहीतर उभं. एकदा म्हणाल्या, व्हरांड्यात ठेवायला जुनी गिअरची स्कूटर हवी. पण चालू हवी, त्यांचे मिस्टर सुट्टीला आले की गावात दूध आणायला तिच्यावरून जाणार. तशी मिळाली तर माझ्या आवारात पडून असलेली चौदा दारंही एकदम उचलणार होत्या. ती चौदा दारं मी एका पाडलेल्या शाळेतून घेतली होती. दारं बुटकी, कोणाला नको होती. स्कूटर चालली तर दारं जाणार, नाहीतर ती माझ्या डोक्यावर. एवढं सरळ होतं.

तशी स्कूटर माझ्या माहितीत एकच होती. शौकतभाई माझ्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांच्या घराला लागून गळका पत्रा आहे, त्याखाली निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली त्यांची स्कूटर उभी असायची. मी गेलो ते दिवाळीनंतर. जमिलाभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याआधीच्या पावसाळ्यात गेल्या होत्या. मी चार शब्द बोललो. ते ओट्यावर बसले होते. मागच्या खिडकीत अर्धी जळलेली मेणबत्ती आणि काडेपेटी पडली होती. घरात बाईमाणूस नसलं की वस्तू जिथल्या तिथे राहतात, तशी.

"गाडी बंद पडलीय का?" मी विचारलं. घेणाऱ्याने असंच सुरू करायचं असतं.

"बंद पडलेली नाय," ते म्हणाले. "बंद ठेवलेली हाय."

मी ताडपत्री उचलली, टायर दाबला, फाटक्या सीटमध्ये बोट घातलं, नाक मुरडलं, उसासा टाकला. मग भाव सांगितला. तो ऐकून समोरच्याने मला ओट्यावरून हाकलायला हवं होतं, एवढा कमी सांगितला होता. तो सांगायचाच तसा असतो. पुढची अर्धा तासाची भांडाभांडी मी मनात तयार ठेवली होती.

शौकतभाई म्हणाले, "ठीक."

मला वाटलं ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितला.

"ठीक म्हटलं ना. ने." मग थांबून म्हणाले, "फक्त चालू करायला मी येईन. सुरवातीला. एकट्यानं चालू करायची नाय, दोन माणसं लागतात."

मी स्कूटर ढकलत नेली, पण रस्ताभर माझं डोकं गरम होतं. पहिल्याच भावाला हो म्हणणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर वस्तूत खोट असते. शौकतभाई वेडे नव्हते.

ते घाटाखालच्या वीजघरात ऑपरेटर होते, सारी नोकरी तिथेच झाली. डोंगरावरून पाणी सोडून अजस्र मशिन चालू करायची, तर तिथला नियम असा की एकाने पुकारायचं आणि दुसऱ्याने करून सांगायचं. ऐकल्याचं उत्तर आल्याशिवाय पुढचं पुकारायचं नाही. तिथे ते बरोबरच असणार, कारण चूक झाली तर माणूस जायचा. पण निवृत्त होताना माणसं घड्याळ घेऊन येतात. हे नियम घेऊन आले.

टपरीवर चहा सांगितला तर ते कप तोंडाला लावत नाहीत. "साखर?" म्हणून पुकारतात. टपरीवाल्याने "टाकली, ठीक" म्हटल्यावरच पितात. घराला कुलूप लावलं की भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्या काकूंना हाक मारून "कुलूप?" विचारतात. त्या बिचाऱ्या आतून, कुलूप न बघताच, "लागलं, ठीक" म्हणतात. खालापूरला त्यांच्या पुतण्याच्या लग्नात सगळे फोटोला उभे राहिले, तर हे फोटोग्राफरच्या शेजारी जाऊन थांबले आणि त्यांनी पुकारलं, "डोळे?" साठ माणसांनी "उघडे, ठीक" म्हटलं, आणि त्या फोटोत सगळ्यांची तोंडं उघडी आहेत. तो फोटो ते अभिमानाने दाखवतात. म्हणतात, "एकाचा डोळा मिटलेला दाखव."

आता त्या स्कूटरचं सांगतो. दुकानाच्या दारात बारा कामं झाली की ती चालू व्हायची, अगदी गोड आवाजात. मी तिच्यावर बसून कर्जतच्या रस्त्याला लागायचो आणि केळवली आली की ती बंद. हळूहळू नाही, एकदा खोकायची, दोनदा खोकायची आणि गप्प. दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की पुन्हा चालू, आणि तीन-चार किलोमीटरवर पुन्हा बंद.

पहिला मेकॅनिक म्हणाला, गाडी महिनोन् महिने उभी होती, आतलं पेट्रोल सुकून कार्बोरेटरमध्ये चिकटा बसला असणार. खरं असेल असं वाटलं. त्याने सीट उचलली, टोपण उघडून पेट्रोल आहे का बघितलं, मग कार्बोरेटर खोलून, जेट फुंकून, साफ करून दिला. त्याच्या गॅरेजभोवतीच्या चकरीत गाडी मस्त चालली. दुसऱ्या दिवशी केळवलीला बंद.

दुसरा म्हणाला, "प्लग आणि कॉइल." त्यानेही सीट उचलली, टोपण उघडलं, पेट्रोल बघितलं, प्लग बदलला. चालली. नंतर बंद. तिसऱ्याने हल्लीच्या पेट्रोलला शिव्या दिल्या, त्यात पाणी सुटतं म्हणाला, आणि सगळी टाकी रिकामी करून धुतली. शौकतभाई तिथेही आले होते. त्यांनी मेकॅनिकसमोर उभं राहून "पाना?" असं पुकारलं. मेकॅनिक म्हणाला, "चाचा, माझा पाना माझ्या हातात राहू द्या, तुमी बाजूला बसा." शौकतभाईंनी ते वहीत लिहिलं.

वही सांगायची राहिली. लांबट, रेघांची, पुठ्ठ्याची वही. स्कूटर कधी चालू केली, कितव्या किकला, आवाज कसा होता, हे सगळं त्यात निळ्या शाईने लिहिलेलं. अशा कपाटभर वह्या होत्या त्यांच्याकडे. माझी स्कूटर झाली तरी वही त्यांचीच.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली आणि तिने माझं डोकं आणखी फिरवलं. टाकीत पेट्रोल कमी असलं की गाडी जास्त चालायची. टाकी भरली की केळवलीपर्यंतही जायची नाही, त्याच्या अलीकडे लौजीलाच मान टाकायची. मी हे शौकतभाईंना ओरडून सांगितलं. जगात कुठली गाडी पेट्रोल घातल्यावर बंद पडते?

त्यांनी शांतपणे वहीत लिहिलं. म्हणाले, "उत्तरं तू पटकन देतोस, सदा. वीस मोजत नाईस. बारा मोजतोस."

"मोजतो मी वीस!"

"ओठ बघतो मी तुझे."

बंद पडली की मी त्यांना फोन करायचो. ते रिक्षा करून यायचे, वही काखेत. आल्यावर बारा कामं पुकारायचे आणि गाडी चालू व्हायची. त्यांना वाटायचं बघ, कामं केली की चालते. मी म्हणायचो, तुम्ही येईपर्यंत अर्धा तास जातो, नुसती उभी राहिली तरी चालते. एकदा म्हटलं, "टाकी उघडून बघतो काय आहे ते." तर अंगावर आले. "रस्त्यात टोपण उघडायचं नाय! धूळ जाते. नियम हाय."

शेवटी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन सांगून आलो, "शौकतभाई, गाडी परत घ्या. फसवलंत तुम्ही मला." आता तरी भांडतील अशी माझी आशा होती.

ते म्हणाले, "ठीक. आणून लाव."

आता अशा माणसाचं काय करायचं? मी हात आपटत परत आलो आणि हट्टाने गाडी ठेवून घेतली. मॅडमचा फोन आला की ह्या रविवारी मिस्टर आलेत, घेऊन या, आणि दारांचा टेंपो पण सांगून ठेवा.

रविवारी सकाळी मी गाडी धुतली, पुसली आणि बुद्धी फिरली म्हणून टाकी काठोकाठ भरली. गिऱ्हाईकाला रिकामी टाकी कशी दाखवायची? शौकतभाई इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर. म्हणाले, "मी येतो. नव्या माणसाला बारा कामं समजावून सांगायला पायजेत." मला नको म्हणायचं होतं. पण म्हटलं, बंद पडली तर रिक्षाचा वेळ तरी वाचेल. बारा कामं केली. रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढे, ते मागे वही धरून बसले, आणि आम्ही निघालो.

लौजी ओलांडली आणि गाडी खोकली.

मी ती कडेला घेतली. मुंबईच्या गाड्या सुट्टीच्या उत्साहात आमच्या अंगावर धूळ उडवत कर्जतकडून येत होत्या. शौकतभाई उतरले, दोन पावलं मागे गेले, हात पाठीशी बांधले.

"गिअर?"

तिथे माझं सुटलं. मी हेल्मेट काढून रस्त्याच्या कडेला आपटलं. "खड्ड्यात गेला तुमचा गिअर! आणि खड्ड्यात गेला कॉक! माझी चौदा दारं तिकडे वाट बघतायत आणि तुम्ही इथे शाळा घेताय? हे बघा, आता मी काय करतो. हे सगळं पेट्रोल ओततो गटारात आणि ढकलत नेऊन टाकतो तुमच्या दारात!"

"रस्त्यात टोपण..."

"उघडणार! उघडणार म्हणजे उघडणार!"

मी सीट उचलली. टोपण फिरेना. कोणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं घट्ट बसलं होतं. मी फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा ते एकदम सुटलं आणि टाकीने लांब श्वास घेतल्यासारखा आवाज आला. सुस्स.

शौकतभाई पुढे आले. ते दोन पावलांची जागा सोडून पुढे आलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"परत लाव," ते म्हणाले. "काढ." ह्या वेळी आवाज आला नाही. "आता किक मार."

"बारा कामं?"

"राहू दे. मार किक."

एका किकला चालू झाली.

त्यांनी माझ्या हातातलं टोपण घेतलं, रुमालाने पुसलं, उन्हात धरलं आणि डोळ्याजवळ नेलं. "हिथं भोक असतं बारीक," ते म्हणाले. "पेट्रोल खाली उतरायचं तर वरनं हवा जायला पायजे. हवा जात नाय. म्हणून थोडं चालती आणि पेट्रोल अडतं. टाकी भरलेली असली की आत हवाच कमी, तर लवकर अडतं. तू बरोबर सांगत होतास." मग म्हणाले, "हा बिघाड वीजघरात असता तर मी एका मिनिटात ओळखलं असतं. हिथं हा आवाज कधी ऐकायला मिळाला नाय."

तीन मेकॅनिक. प्रत्येकाने आधी टोपण उघडलं, हवा आत गेली, आणि मग आपापलं काम करून पैसे घेतले. मी हिशेब मनातच केला आणि दात खाल्ले.

शौकतभाईंनी घराच्या चावीने टोपणाच्या मधोमध खरवडलं. धूळ आणि काळपट थर निघाला आणि खालून पांढरं दिसलं. एक चपटी टिकली सुटून त्यांच्या तळहातावर पडली.

"मेण हाय," ते म्हणाले.

"कुठल्या शहाण्याने लावलं?" मी ओरडलो. माझा राग अजून उतरला नव्हता.

त्यांनी वही उघडली. पहिल्या पानावर बारा कामं लिहिलेली होती, त्यांच्यावरून बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. मग वही मिटली.

"सीट फाटकी हाय," ते हळू म्हणाले. "पत्रा गळतो. गाडी घेतली त्या पहिल्या पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं होतं, ह्याच भोकातनं असणार. ड्युटीला उशीर झाला, साहेब बोलला. मी घरी येऊन लय आरडाओरडा केला. मग पत्र्याला डांबर लावलं. त्याच्यानंतर पाणी कधी गेलं नाय. मला वाटायचं डांबरानं थांबलं."

गाडी शेजारी धडधडत होती.

"मी गाडीवर बसून पुकारायचो. कॉक? जमिला वाकायची, कॉक उघडायची, म्हणायची, उघडा, ठीक. सगळी गल्ली हसायची. ती पण हसायची." त्यांनी टिकली उलटी केली. तिच्यावर अंगठ्याच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. "मला वाटायचं, मी पुकारतो तेवढंच ती करते. पावसाळ्यात रोज संध्याकाळी मेण लावत असणार. सकाळी मी बाहेर यायच्या आत काढत असणार. एवढी वर्षं. एक दिवस बोलली नाय."

"मग ह्या वेळी?" मी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"संध्याकाळी लावलं. पहाटे तिला दवाखान्यात नेलं." ते गाडीकडे बघत होते. "काढायचं राहिलं."

ती टिकली त्यांनी रुमालात बांधून खिशात ठेवली. मी हेल्मेट उचललं, त्यावरची माती पुसली. गाडी केळवली ओलांडून, पळसदरी ओलांडून, कर्जतच्या पुलावरून न खोकता गेली.

बंगल्यावर मॅडम खूश झाल्या. मिस्टर अर्ध्या चड्डीत बाहेर आले, गाडीभोवती फिरले, मोबाईल काढला. टेंपो दारं घेऊन तासाभरात येणार होता. शौकतभाईंनी गाडी बंद केली, शर्ट सारखा केला आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले.

"आता तुमी चालू करा, साहेब. मी सांगतो तसं. गिअर?"

मिस्टर हसले. "अंकल, पुन्हा करा ना, व्हिडिओ घेतो."

"गिअर?" शौकतभाई म्हणाले.

"सो क्यूट," मॅडम म्हणाल्या.

"न्यूट्रल, ठीक, असं म्हणायचं," शौकतभाईंनी समजावलं. "साहेब, ह्याला दोन माणसं लागतात. कॉक?"

"हो हो अंकल, कळलं. चावी द्या, आम्ही बघतो." मिस्टरांनी हात पुढे केला.

शौकतभाई क्षणभर त्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक." आणि चावी दिली.

तो "ठीक" मी ओळखला. ओट्यावर मी सांगितलेला लाज वाटावी इतका कमी भाव ऐकून म्हटलेला तोच होता तो. मी त्या दिवशी समजलो होतो की ह्या माणसाला भाव करता येत नाही. तिथे उभं राहून मला कळलं की त्याला विकायचीच नव्हती. त्याला उत्तर देणारं माणूस हवं होतं. आणि मी मूर्ख, दोन महिने दारात उभा राहून फुकट उत्तरं देत होतो.

"मॅडम," मी म्हणालो, "ही गाडी तुम्हाला देता येणार नाही."

"का?"

"इंजिन बसलंय."

मिस्टरांनी थेट किक मारली. गाडी पहिल्या किकला चालू झाली, बेशरमासारखी.

"पण चालू आहे की!"

"आवाज ऐका. आतून गेलीय. आठ दिवस काढणार नाही." मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मालाला विकताना नावं ठेवत होतो आणि ते मला जमत नव्हतं. "तुमच्यासारख्या गिऱ्हाईकाला मी खोटा माल देत नाही."

मॅडमचा चेहरा बदलला. म्हणाल्या, मग दारांचंही नंतर बघू. मी फोन करून टेंपोवाल्याला वाटेतूनच परत पाठवलं.

परतताना गाडी मी चालवत होतो. पळसदरीपाशी मागून आवाज आला.

"सदा, इंजिन बसलंय काय रं?"

"नाही."

"मग ठीक."

एवढंच. आभार नाहीत, काही नाही. गाडी परत घ्या म्हटलं तर म्हणतात, विकलेली वस्तू मी परत घेत नाय. चालवत जा म्हटलं तर म्हणतात, एकट्यानं नाय. उभी ठेवली की गाडी खराब होते. म्हणजे रोज सकाळी दहाला ते येणार, मी दुकान सोडून बाहेर यायचं, बारा कामं करायची, आणि दोघांनी शिळफाट्यापासून स्टेशनपर्यंत जाऊन पाव घेऊन यायचं. पाव मला लागत नाही. चौदा बुटकी दारं अजून माझ्या आवारात उभी आहेत. त्यांच्याकडे बघितलं की रोज नव्याने राग येतो.

वहीच्या पहिल्या पानावर आता तेरावं काम आहे. ते निळ्या शाईत नाही, पेन्सिलीत आहे. ते पुकारतात, "टोपणाचं मेण?" मी सांगतो, "नाही, ठीक." त्या उत्तरानंतर मात्र ते जरा थांबतात. बाकी बारांना थांबत नाहीत.

जून लागला तसं माझ्या आवारातल्या पत्र्यालाही पाणी यायला लागलं. सीट अजून फाटकीच आहे, नवी घातलेली त्यांना चालत नाही. एका संध्याकाळी दुकान बंद करताना मी मेणबत्ती पेटवली, दोन थेंब टोपणावर पाडले आणि अंगठ्याने दाबले. भाजलं. स्वतःलाच शिवी दिली.

सकाळी दहाला ते आले. बाराही कामं झाली.

"टोपणाचं मेण?"

मी सीट उचलली. "आहे," मी म्हणालो. "काढतो."

समोर वडा तळायचा थांबला. शौकतभाई दोन पावलं पुढे आले, वाकले, नखाने ती टिकली सोडवली आणि उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"कड नीट दाबलेली नाय," ते म्हणाले. "हिथनं पाणी जाईल. तिचं बसायचं."

मग टिकली शर्टाच्या खिशात टाकून ते आपल्या जागेवर मागे गेले, हात पाठीशी बांधले.

"काढलं, ठीक," त्यांनीच उत्तर दिलं. "मार किक."